अकस्मात मृत्यूची नोंद

मराठी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, शहराच्या बातम्यांच्या खालच्या कोपऱ्यात, एक बातमी तुम्ही शेकडो वेळा वाचली असेल. इमारतीचं बांधकाम सुरू असताना वरच्या मजल्यावरून पडून कामगाराचा मृत्यू. वय दिलेलं असतं, मूळ गाव दिलेलं असतं, नाव कधी असतं, कधी नसतं. शेवटचं वाक्य मात्र ठरलेलं असतं: याप्रकरणी पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आहे. बातमी तिथे संपते आणि आपण पान उलटतो.

'अकस्मात' म्हणजे अचानक, असं आपण धरून चालतो. शब्द जरा उकलून पाहा. संस्कृतात 'कस्मात्' म्हणजे कशामुळे, कोणत्या कारणाने. 'अकस्मात्' म्हणजे ज्याला 'कशामुळे' नाही ते. वर कठडा नव्हता, खाली जाळी नव्हती, कामगाराच्या कंबरेला पट्टा नव्हता. 'कशामुळे'ची सगळी यादी समोर दिसत असते, आणि नोंद मात्र 'कशामुळेही नाही' अशी होते. पोलिसांच्या बाजूने हेही सांगायला हवं की त्यांच्यासाठी ती चौकशीची पहिली पायरी असते. पुढे निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होऊ शकतो, कधी होतोही. पण ती दुसरी बातमी फार क्वचित छापून येते. वाचणाऱ्यांसाठी तो माणूस अकस्मातच गेलेला असतो.

आता याच मराठीतला दुसरा एक शब्दप्रयोग आठवा. लढाईत मेलेल्या शिपायाला आपण 'कामी आला' म्हणतो. मृत्यू आणि काम यांची गाठ आपल्या भाषेने फार पूर्वीच मारून ठेवली आहे. तो ज्या कामावर होता त्या कामात गेला, आणि ते काम कुणाचं तरी होतं, हे त्या दोन शब्दांत आलं. पण ही गाठ आपण शिपायासाठी राखून ठेवली. परातीत सिमेंट वाहणारा, गटारात उतरणारा, प्रेसवर हात ठेवणारा माणूस मराठीत कामी येत नाही. तो अकस्मात जातो.

एखादा मृत्यू 'कामाचा' आहे असं आपण कधी म्हणायचं, आणि तसं म्हणण्याने नक्की काय बदलतं, हा या लेखाचा प्रश्न आहे. वरवर तो आकडेवारीवाल्यांचा प्रश्न वाटतो. माझ्या मते तो नीतीचा प्रश्न आहे, आणि तो आपल्यापैकी प्रत्येकाच्या दाराशी येतो.

मी राहते त्या डार्मश्टाटमध्ये ट्रामच्या बहुतेक वाटा लुईझनप्लाट्झ चौकात एकत्र येतात. त्या चौकाच्या एका बाजूला जुनी, लांबच लांब सरकारी इमारत आहे. आपल्याकडच्या विभागीय आयुक्तालयासारखं हे कार्यालय. दक्षिण हेसेन प्रांतातल्या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी त्याच्याकडे आहे. कामावर कुणी मेलं तर पोलिसांबरोबर त्याची माणसंही चौकशीला जातात. आणि तिसरी एक संस्था असते, त्या त्या धंद्याची अपघात विमा संस्था. जर्मन भाषेत या मृत्यूला जो शब्द आहे, आर्बाइट्सउनफाल, त्यात 'काम' आणि 'अपघात' हे दोन्ही शब्द एकमेकांना चिकटलेले आहेत. अपघात कुठला, तर कामाचा. हे विशेषण लागलं की पुढची सगळी चक्रं फिरू लागतात: दवाखान्याचा खर्च, विधवेचं निवृत्तिवेतन, मुलांचं निवृत्तिवेतन, चौकशी, वार्षिक अहवाल.

या अहवालांनुसार जर्मनीत २०२२ मध्ये ४२३ माणसं कामावरच्या अपघातात मेली, २०२३ मध्ये ३८१. साठ वर्षांपूर्वी एकट्या पश्चिम जर्मनीत हा आकडा दर वर्षी हजारांत असे. उतार खरा आहे आणि त्यामागे खरे कष्ट आहेत: यंत्रांना आलेली कुंपणं, पहाडांवरच्या जाळ्या, तपासण्या, कामगार संघटनांचा रेटा. पण उताराचं सगळंच श्रेय सुरक्षिततेला देता येत नाही. जिथे माणसं मरत ती कामंच या देशातून गेली. दगडी कोळशाची शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. बंद खाणीत कुणी मरत नाही. कोळसा मात्र जळतो आहे. तो आता दुसऱ्या देशातल्या खाणीतून येतो.

आकड्याच्या कडा तपासल्या की आणखी प्रश्न पडतात. अपघातानंतर तीस दिवसांच्या आत मृत्यू झाला तरच तो इथल्या आकड्यात येतो. युरोपीय संघाची आकडेवारी एक वर्षाची मुदत धरते. एकतिसाव्या दिवशी गेलेला माणूस एका वहीत कामावर मेलेला आहे, दुसऱ्या वहीत नाही. शेतीचा विमा वेगळ्या संस्थेकडे असल्याने शेतातले मृत्यू या आकड्यात नाहीत. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेल्या अपघातांना १९२५ पासून विम्याचं पूर्ण संरक्षण आहे, पण त्यांचा रकाना निराळा. आणि ॲस्बेस्टॉससारख्या द्रव्यांनी तीस-चाळीस वर्षांनी फुप्फुसाचा घास घेतलेली माणसं तिसऱ्या रकान्यात. व्यवसायजन्य आजारांनी जर्मनीत दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, म्हणजे अपघातांच्या कितीतरी पट. बातमीत येतो तो बहुधा पहिला, लहान आकडा.

हे वाचून तुम्ही म्हणाल, रेषा कुठेतरी ओढावी लागणारच. अगदी खरं. मृत्यूची कारणं मागे मागे जात राहतात. ट्रकचालकाला डुलकी लागली. ती का लागली, आदल्या रात्री झोप का झाली नाही, दोन पाळ्या का कराव्या लागल्या, भाडं का परवडत नव्हतं. यातलं कुठलं कारण 'कामाचं' आणि कुठलं 'त्याचं स्वतःचं', हे सांगणारी रेषा निसर्गाने आखून दिलेली नाही. माणसं ती आखतात. मग नैतिक प्रश्न असा उरतो: रेषेपाशी संशय असणारच, तर त्या संशयाचा भार कुणाच्या खांद्यावर टाकायचा?

या प्रश्नाला एकाच वर्षी, दोन दूरच्या शहरांत तोंड फुटलं होतं. वर्ष १८८४. जुलैच्या ६ तारखेला बर्लिनमध्ये बिस्मार्कच्या राजवटीत अपघात विम्याचा कायदा झाला. सप्टेंबरमध्ये मुंबईत परळला नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. तिथे ठरलेल्या मागण्यांच्या निवेदनावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या-अंगठे होते. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या आपल्याला शाळेतल्या धड्यांमुळे थोड्याफार ठाऊक असतात. त्यातली एक मागणी मात्र फारशी कुणी सांगत नाही: गिरणीत काम करताना कामगार जखमी झाला तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या उपजीविकेची सोय व्हावी.

म्हणजे कल्पना एकट्या युरोपला सुचली होती असं नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतला एक मराठी माणूस तीच गोष्ट त्याच वर्षी मागत होता. फरक नंतर काय झालं यात आहे. बिस्मार्कला कामगारांचा कळवळा होता असं समजायचं कारण नाही. त्याला समाजवाद्यांची भीती होती. पण त्याच्या कायद्याने एक मोठं काम केलं. त्याआधी जखमी कामगाराला मालकाची चूक सिद्ध करावी लागे, आणि ते बहुतेकांना अशक्य होतं. नव्या कायद्यात विम्याचा हप्ता सगळा मालकांनी भरायचा ठरला. बदल्यात कामगाराने मालकावर दावा लावायचा नाही. भरपाई देताना 'चूक कुणाची' हा प्रश्नच बाजूला ठेवला गेला. अपघात कामाचा होता ना, मग पैसे मिळणार. चुकीची चौकशी व्हायची तर वेगळी होईल.

मुंबईच्या कामगाराला नुकसानभरपाईचा कायदा मिळायला १९२३ उजाडलं.

चूक आणि नोंद यांना एकमेकांपासून सोडवणं ही मला या सगळ्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. याचा एक छोटासा अनुभव इथे येणाऱ्या प्रत्येक संशोधकाला येतो. प्रयोगशाळेत प्रथमोपचाराच्या पेटीबरोबर एक नोंदवही असते. माझ्या पहिल्याच महिन्यात काचेच्या नळीने अंगठा कापला. पट्टी बांधून मी कामाला लागणार, तर शेजारचा सहकारी वही घेऊन आला. तारीख, वेळ, कशाने कापलं, कुणी पाहिलं, कुणी पट्टी बांधली. मी म्हटलं, एवढ्याशा जखमेसाठी? तो म्हणाला, "आज एवढीशी आहे. सहा महिन्यांनी अंगठा वाकेनासा झाला, तर तो इथे कापला होता हे कशावरून सांगशील?" त्या वहीत नाव आलं म्हणून कुणी रागावलं नाही, कुणाची बढती अडली नाही. अशा नोंदी पाच वर्षं जपून ठेवायचा नियम आहे. पुढे येऊ शकणारा संशय आजच, सगळ्यांना सगळं आठवत असताना, मिटवून ठेवायचा. त्या वहीचं काम तेवढंच.

आता आपल्याकडची रचना पाहा. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ८८ व्या कलमानुसार मृत्यू झाला, किंवा अठ्ठेचाळीस तास वा जास्त काम करता येणार नाही अशी इजा झाली, तर कारखान्याच्या व्यवस्थापकाने निरीक्षकाला कळवायचं असे. कळवायचं त्यालाच, ज्याच्यावर त्या कळवण्यामुळे खटला होऊ शकतो. जो सांगेल तो अडकेल, अशी व्यवस्था असेल तर किती जण सांगतील? मृत्यू लपवणं कठीण असतं म्हणून तो बहुधा नोंदला जातो. तुटलेलं बोट मात्र 'घरी पडला' होऊन जातं. कारखान्यांच्या फाटकांवर 'अपघाताविना इतके दिवस' असे फलक तुम्ही पाहिले असतील. त्यामागचा हेतू चांगला असतो. पण त्या आकड्यावर बक्षीस ठेवलं की फलक शून्यावर आणणारा माणूस सगळ्या खात्याचा गुन्हेगार होतो. मग जखमी माणूस स्वतःच गप्प बसतो.

महाराष्ट्रासह सर्व राज्यांतून आलेली कारखान्यांची आकडेवारी मुंबईत शीव इथे मुख्यालय असलेली केंद्रीय संस्था एकत्र करते. तिच्या आकड्यांनुसार २०१७ ते २०२० या काळात देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत वर्षाला सरासरी ११०९ कामगार मेले. दिवसाला तीन. वाक्यातला महत्त्वाचा शब्द 'नोंदणीकृत' हा आहे. विजेवर चालणारं आणि दहा कामगारांचं, किंवा विजेविना चालणारं आणि वीस कामगारांचं, असं ठिकाण १९४८ च्या कायद्याने कारखाना ठरलं. २०२० च्या संहितेने ही मर्यादा वीस आणि चाळीस अशी दुप्पट केली. पंधरा माणसांचं प्रेस शॉप आता 'कारखाना' नाही. तिथे कुणी मेलं तर तो मृत्यू कारखान्यातला मृत्यू नाही. एकही कठडा न बसवता, एकही जीव न वाचवता कारखान्यांतल्या मृत्यूंचा आलेख खाली येऊ शकतो. म्हणून 'मृत्यू कमी झाले' ही बातमी वाचली की आधी विचारावं: मरणारे कमी झाले, की मोजले जाणारे?

याचं सगळ्यात बोचरं उदाहरण संसदेतलं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी माहिती दिली की आधीच्या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३४० माणसं मेली. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्यसभेत त्यांचंच उत्तर होतं की हाताने मैला उचलण्यामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. कायद्याच्या भाषेत दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी ठरू शकतात, कारण 'हाताने मैला उचलणं' ही एक व्याख्या आणि 'गटाराची धोकादायक सफाई' ही दुसरी. माणूस एकच, टाकी एकच, गॅसही एकच. पण एका रकान्यात ३४० आणि दुसऱ्यात शून्य. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीला एका गृहनिर्माण सोसायटीची टाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून मेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच अशा प्रत्येक मृत्यूला दहा लाख रुपये भरपाई ठरवून दिली होती. तरी त्या तिघांच्या विधवांना ती मिळवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला. संशय नव्हताच. तरीही भार त्यांच्यावर होता.

संशय असतो तेव्हा काय होतं, त्यासाठी दोन खटले शेजारी ठेवून पाहा. हेसेन प्रांतातच, कासेल शहरात, जर्मनीचं सर्वोच्च सामाजिक न्यायालय आहे. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच्यापुढे घरून काम करणाऱ्या एका माणसाचं प्रकरण आलं. सकाळी झोपायच्या खोलीतून खालच्या मजल्यावरच्या कामाच्या खोलीत जाताना तो गोल जिन्यावरून घसरला आणि त्याच्या पाठीचा मणका मोडला. न्यायालयाने हा कामावरचा अपघात मानला. पलंगापासून टेबलापर्यंतचे ते चार पाय म्हणजे कामावर जाणंच होतं.

दुसरं प्रकरण उस्मानाबादचं, आजच्या धाराशिवचं. साखर कारखान्यातला रात्रपाळीचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ च्या रात्री मोटारसायकलवरून कामावर निघाला. पाळी पहाटे तीनला सुरू व्हायची होती. कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात तो मेला. २००९ मध्ये भरपाई आयुक्तांनी कुटुंबाला सव्वातीन लाखांच्या आसपास रक्कम मंजूर केली. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ती नामंजूर केली, कारण मृत्यू कामावर नाही, कामाच्या वाटेवर झाला होता. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय फिरवला: वेळ, ठिकाण आणि परिस्थिती पाहता त्या प्रवासाचं नातं नोकरीशी होतं. पहारेकऱ्याला पहाटे तीनच्या पाळीला पोचायचं, तर तो रात्री दुसऱ्या कशासाठी त्या रस्त्यावर असणार?

निकाल चांगला आहे आणि पुढच्या अनेकांच्या उपयोगी पडेल. पण मृत्यूपासून निकालापर्यंत बावीस वर्षं गेली. ती कुणी काढली? विमा कंपनीने नव्हे. तिच्यासाठी ती एक फाइल होती. वडील गेले तेव्हा जे मूल पहिलीत असेल, ते निकाल लागला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचं झालेलं असेल. संशयाचा भार कुणावर टाकला, याचं उत्तर न्यायालयाच्या शब्दांपेक्षा या हिशेबात जास्त स्पष्ट दिसतं. मुंबईच्या लोकलमधून पडून आणि रूळ ओलांडताना दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. त्यांतली कितीतरी कामाच्या वाटेवर असणार. त्यांची मोजणी होते ती रेल्वेच्या वहीत, कामाच्या नाही.

आणि काही मृत्यू कुठल्याच रेषेत बसत नाहीत. २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. पंधरा माणसं मेली. त्यांत चार लहान मुलं होती. ते कामाच्या वेळी मेले का? नाही, झोपेत मेले. ते सगळे कामगार होते का? मुलं कुणाची कामगार? तरीही ती मुलं बिहारमधलं गाव सोडून कोंढव्याच्या त्या भिंतीच्या पायथ्याशी का झोपली होती, याला कामाशिवाय दुसरं उत्तर नाही. कायद्याची रेषा त्यांच्या अलीकडे थांबली तर मी कायद्याला फार दोष देणार नाही. कायद्याला कुठेतरी थांबावं लागतं. पण आपल्या मनातली रेषाही तिथेच थांबायला हवी असं नाही.

एवढं वाचून जर्मनी म्हणजे आदर्श, असा समज झाला असेल तर तो मोडायला हवा. युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशातून कंत्राटदाराने तात्पुरता पाठवलेला कामगार मायदेशाच्या विम्याखाली राहतो. तो फ्रँकफर्टच्या एखाद्या मनोऱ्यावरून पडला तर त्याची नोंद त्याच्या देशाच्या खात्यात जाते. इमारत इथली, मृत्यू तिथला. त्याहून दूरचं अंतर म्हणजे समुद्रापारचं. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतल्या एका कापड कारखान्याला आग लागून अडीचशेहून जास्त माणसं मेली. तिथल्या मालाचा मुख्य ग्राहक होती स्वस्त कपडे विकणारी एक जर्मन साखळी. ही आग खंडणीसाठी लावली गेली होती असं पुढे पाकिस्तानी न्यायालयाने ठरवलं. पण आग कुणी लावली हा एक प्रश्न, आणि गजांच्या खिडक्या व बंद दारांमुळे माणसं बाहेर का पडू शकली नाहीत हा दुसरा. मृतांचे नातेवाईक डॉर्टमुंडच्या न्यायालयात आले. जानेवारी २०१९ मध्ये मुदत उलटून गेल्याच्या कारणावरून दावा फेटाळला गेला. जानेवारी २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना पुरवठा साखळीतल्या धोक्यांची काळजी घ्यायला लावणारा कायदा इथे लागू झाला, त्यामागच्या चर्चेत कराचीचं नाव वारंवार येई. तरीही जर्मनीच्या ३८१ मध्ये कराचीचा, आलंगच्या जहाजतोडणीचा, दारूखान्याचा एकही माणूस नाही. स्वच्छ वहीसाठी घाण काम दुसऱ्याच्या अंगणात ढकलणं ही युक्ती आपल्याला नवी नाही. आपल्या गावांची रचनाच शतकानुशतकं तशी होती.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. काही वाचक म्हणतील, आकडे मोजून काय होतं? आकड्यात माणूस हरवतो. चारशे तेवीस काय, तीनशे एक्क्याऐंशी काय, ज्याच्या घरचा गेला त्याला एकच गेला. हे खरं आहे. पण न मोजल्याने माणूस सापडतो असंही नाही. पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलेला तो सावकारी भाषेतला निरोप आठवा. मोठ्यांचे मृत्यू त्यात मोती आणि मोहरा म्हणून मोजून सांगितले होते. बाकीच्यांना चिल्लर धरून त्यांचा हिशेब सोडून दिला होता. तो निरोप आपण शोकाचा नमुना म्हणून सांगतो. मी अलीकडे तो वाचते तेव्हा त्या चिल्लरीपाशी अडकते. मोजणीत येण्याचा अर्थ तुम्ही आकडा झालात असा होत नाही. तुमच्या जाण्याचा हिशेब कुणीतरी द्यायचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. नाव, चेहरा, आठवण हे घरचे लोक जपतातच. हिशेब त्यांना मागावा लागू नये.

यातून एक अवघड गोष्ट निघते, आणि ती मान्य करायला हवी. प्रामाणिकपणे मोजू लागलेला कारखाना, शहर किंवा देश सुरुवातीला जास्त वाईट दिसतो. उद्या महाराष्ट्राने बांधकामावरचा, गटारातला, कामाच्या वाटेवरचा प्रत्येक मृत्यू 'कामाचा' म्हणून लिहायला घेतला, तर पुढच्या वर्षीचा आकडा भयंकर असेल आणि विरोधी पक्ष राजीनामा मागेल. वाढलेल्या आकड्याचं कधीकधी स्वागत करता यायला हवं. तेवढी प्रौढता आपल्यात, म्हणजे बातमी वाचणाऱ्यांत, नसेल तर अधिकाऱ्यांनी ती दाखवावी अशी अपेक्षा कशी करायची?

आपण म्हणजे कोण, तेही सांगते. हा लेख वाचणाऱ्या अनेकांचा पुण्यात, ठाण्यात किंवा नाशकात फ्लॅट आहे, किंवा बांधून होतो आहे. बिल्डर दर महिन्याला फोटो पाठवतो: आता अकरावा स्लॅब झाला, आता बारावा. आपण तो फोटो मोठा करून पाहतो, आपली खिडकी कुठे येईल ते शोधतो. पुढच्या वेळी कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या कंबरेला पट्टा आहे का, तेही पाहा. महाराष्ट्रात बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ आहे. नोंदणी असलेला कामगार कामावर मेला तर कुटुंबाला पाच लाख मिळतात, नैसर्गिकरीत्या मेला तर दोन लाख. नोंदणीसाठी मात्र वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला न मिळालेला माणूस जिवंतपणीच वहीबाहेर असतो. बिल्डरला पत्र लिहून विचारता येतं की साइटवरच्या किती जणांची नोंदणी झाली आहे. आपण ग्राहक आहोत. टाइल्सच्या रंगावरून आपण दहा ईमेल लिहितो.

आणि जुन्या सोसायटीत घर असेल तर मालक आपणच आहोत. बाहेरून रंग देणारा माणूस दोरीवर लोंबकळतो तो आपल्या भिंतीसमोर. टाकी आपली आहे. सोसायटीच्या गटावर सगळ्यात स्वस्त कोटेशनला अंगठा वर करणारे आपण आहोत, मग आपण त्या वेळी डार्मश्टाटला असू की डॅलसला. स्वस्त कोटेशन स्वस्त का आहे याचं एक कारण बहुतेक वेळा हे असतं की त्यात दोरीवरच्या माणसाचा विमा धरलेला नसतो.

पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका येईल तेव्हा एक विषय घालायला सांगा: आवारात काम करायला येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, विमा आणि सुरक्षा साधनं यांची नोंद ठेवणे. टाकीत माणूस उतरवणार नाही, यंत्रच येईल, हेही त्यात लिहायला सांगा. चिटणीस म्हणतील, आजवर काही झालेलं नाही. मग शांतपणे विचारा की झालं असतं तर ते कुठल्या वहीत सापडलं असतं.